मालाचा गाडा, माणसांचें वाहन

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनींतील वोल्फ्सबुर्ग येथील फोक्सवागन कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यांत होता. तेथें सुटे भाग वाहण्यासाठीं मोटारीच्याच सांगाड्यावर एक ओबडधोबड, उघडा गाडा केलेला होता. बेन पोन या डच मोटार-व्यापाऱ्याच्या नजरेस तो पडला, आणि २३ एप्रिल १९४७ रोजीं त्यानें आपल्या टिपणवहींत पेटीसारख्या एका वाहनाची आकृति काढली : चालक अगदीं पुढें, एंजिन मागें, मधली सारी जागा मालाला.

मार्च १९५० मध्यें असें वाहन कारखान्यांतून बाहेर पडूं लागलें. एंजिन लहानशा 'बीटल' मोटारीचेंच, अवघ्या २५ अश्वशक्तींचें. चढावर दमछाक व्हावयाचीच! परंतु खरी युक्ति 'कोम्बी' या प्रकारांत होती. त्याला खिडक्या होत्या, आणि मागील बांकें काढतां येत. आठवडाभर पोतीं वाहणारें वाहन रविवारीं बांकें लावून बायकामुलांना घेऊन निघे. शहरेंच्या शहरें ढिगाऱ्यांत निघालेल्या त्या देशांत लहान दुकानदाराला दोन वाहनें परवडणार कोठून?

ब्राझीलमध्यें तर १९५७ पासून २०१३ अखेरपर्यंत कोम्बी निघत राहिली. पुढील वर्षापासून नव्या मोटारींत अपघातसमयीं फुगणारी हवेची उशी व चाकें जखडूं न देणारे ब्रेक तेथें सक्तीचे झाले, म्हणून ती थांबली.