'व्यक्ती' या संज्ञेचा इतिहास आणि बुद्धिमान यंत्रांचा प्रश्न

यंत्र विचार करू शकेल काय, हा प्रश्न ॲलन ट्यूरिंग यांनी १९५० साली आपल्या सुप्रसिद्ध निबंधात उपस्थित केला. तथापि विचार करणारे यंत्र 'व्यक्ती' ठरेल काय, हा प्रश्न त्याहून भिन्न होय. पहिला बुद्धीविषयी आहे, दुसरा स्थानाविषयी. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे आजची चर्चा पुष्कळदा दिशाहीन होते. 'व्यक्ती' ही पदवी आपल्याकडे कोणास, केव्हा आणि कोणत्या कारणाने मिळाली अथवा नाकारली गेली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. संस्कृतात 'व्यक्ति' म्हणजे प्रकट होणे, वेगळेपणाने दिसून येणे. 'माणूस' हा शब्द जात सांगतो. 'व्यक्ती' हा शब्द केवळ पृथक् अस्तित्व सांगतो. म्हणूनच कायद्याच्या मराठीत तो मनुष्येतरांनाही लावता आला. प्रत्यक्ष भाषाव्यवहारातही हा भेद सूक्ष्मपणे पाळला जातो. देवळातून परतलेला मनुष्य "मूर्ती पाहिली" असे म्हणेल, आणि त्याच पाषाणाविषयी "देवाला पाहिले" असेही म्हणेल. पहिल्या वाक्यात कर्म वस्तू आहे. दुसऱ्यात '-ला' प्रत्ययाने त्यास सचेतनाच्या पंक्तीत बसविले आहे. पाषाण बदलला नाही, त्याच्याशी असलेले नाते बदलले.

न्यायालयांनी नेमका हाच भेद हाताळला आहे. डाकोरच्या रणछोडरायाच्या देवस्थानाविषयीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १८८७ साली असे मानले की, धर्मार्थ अर्पण केलेल्या संपत्तीस स्वतंत्र वैधिक अस्तित्व हिंदू धर्मशास्त्रास मान्य आहे. आणि सेवकांनी तिचा हिशेब दिला पाहिजे. पुढे १९२५ साली कलकत्त्याच्या मलिक घराण्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलपुढे प्रश्न आला तो याहून मार्मिक होता. कुलदैवताची मूर्ती ही सेवेकऱ्याने हवी तिकडे हलवावी अशी जंगम मालमत्ता आहे काय? कौन्सिलने ती केवळ मालमत्ता नसल्याचे सांगितले आणि देवतेची बाजू मांडण्यास निःपक्षपाती प्रतिनिधी असावा असा निर्णय दिला. मूर्तीस बुद्धी आहे की नाही, हा मुद्दा या निर्णयांत निर्णायक ठरला नाही. देवतेस व्यक्ती मानल्याने जे साधले ते एवढेच की, तिच्या नावावर वावरणाऱ्या मनुष्यास जाब विचारणे शक्य झाले.

दुसरे उदाहरण रायगड जिल्ह्यातील आहे. १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा अधिनियमाने 'व्यक्ती' या संज्ञेत कंपनीचा समावेश केला. रोहे तालुक्यात अंबा नदीच्या परिसरात वसलेल्या नागोठण्यास वायूवर आधारित पेट्रोरसायनांचे जे मोठे संकुल उभे राहिले, ते १९६९ साली स्थापन झालेल्या इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनचे होते. २००२ साली शासनाने आपल्या भांडवलाचा मोठा हिस्सा रिलायन्स समूहास विकला आणि २००७ साली ही कंपनी रिलायन्स इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एक 'व्यक्ती' संपली. नागोठण्याच्या रस्त्यावर त्या दिवशी कोणाची प्रेतयात्रा निघाली नाही. यंत्रे तीच राहिली, आणि मालमत्ता व देणी दुसऱ्या 'व्यक्ती'कडे गेली. अशा व्यक्तित्वास जन्म आहे, अंत आहे, परंतु वेदना नाही. ते सोयीसाठी बहाल केलेले व्यक्तित्व होय.

याच्या अगदी उलट उदाहरण नागोठण्यावरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावरच, पुढे महाड येथे आढळते. हा जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव १९२३ साली संमत झाला आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. परंतु ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. ज्या पाण्यास जनावरांस आडकाठी नव्हती ते पाणी माणसांस वर्ज्य होते. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि प्रकरण न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला, तो मात्र बहिष्काराची रूढी अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही, या कारणास्तव. मनुष्यत्वाचा मूलभूत प्रश्न राज्यघटनेने १९५० साली निकालात काढला.

येथे व्यक्तित्व 'बहाल' करण्याचा प्रश्नच नव्हता. ते मुळात होतेच. समाजाने ते ओळखण्याचे नाकारले होते. पेशवाईत ज्यांची खरेदी-विक्री होई त्या कुणबिणींचेही तसेच. गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३ च्या कायद्याने काढून घेतली, तेव्हा त्या स्त्रियांस नवे काही दिले गेले नाही. त्यांचे नाकारलेले तेवढे परत झाले. कुणबीण बुद्धिमान होती, बोलत होती, आणि तरीही ती मालमत्ता होती. मूर्ती बोलत नव्हती, आणि तरीही ती व्यक्ती ठरली. बुद्धी ही व्यक्तित्वाची कसोटी आपल्या इतिहासात कधीच नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

आता यंत्राकडे वळू. आजची भाषायंत्रे मराठीत 'मी' म्हणतात. 'यंत्र' हा शब्द नपुंसकलिंगी; परंतु मराठीत प्रथमपुरुषी 'मी सांगतो' किंवा 'मी सांगते' एवढेच रूढ आहे. यंत्रास आपल्या लिंगात बोलण्याची सोयच नाही. त्यास स्त्रीचे वा पुरुषाचे रूप उसने घ्यावे लागते. त्यामुळे ऐकणाऱ्यास मनुष्याचा भास होतो. हा भास व्याकरणाने निर्माण केलेला आहे. त्यावरून पलीकडे कोणी आहे असा निष्कर्ष निघत नाही, आणि कोणी नाही असाही निघत नाही.

युरोपीय संसदेने फेब्रुवारी २०१७ मधील ठरावात प्रगत यंत्रमानवांस 'इलेक्ट्रॉनिक व्यक्ती' मानण्याचा पर्याय सुचविला, त्याचा हेतू नुकसानभरपाईची जबाबदारी निश्चित करणे हा होता. त्यावर अनेक तज्ज्ञांनी आक्षेप घेतला, कारण अशा व्यवस्थेत निर्माता आणि मालक यंत्राच्या आड दडू शकतील. आपल्या इतिहासाच्या प्रकाशात हा आक्षेप योग्य वाटतो. डाकोरच्या निर्णयाने देवतेमागील मनुष्य उजेडात आणला. यंत्राचे व्यक्तित्व यंत्रामागील मनुष्यास अंधारात नेणार असेल, तर ते त्या परंपरेच्या विरुद्ध ठरेल.

सारांश, यंत्रास बहाल केले जाणारे व्यक्तित्व ही सोयीची बाब आहे. जाब कोणाला विचारता येतो, एवढ्यावरच तिचा निर्णय व्हावा. परंतु यंत्रास खरोखर सुखदुःख आहे असे उद्या दिसून आले, तर प्रश्न मूर्तीच्या किंवा कंपनीच्या वर्गातला राहणार नाही. तो चवदार तळ्याच्या वर्गात जाईल, आणि तेथे सोयीचा युक्तिवाद कोणासही करता येणार नाही.