कामावर जाणाऱ्या सायकलीचे पंक्चर : कारणे, दुरुस्ती व खबरदारी

देशातील मोठ्या कष्टकरी वर्गासाठी सायकल हे आजही कामावर जाण्याचे मुख्य साधन आहे. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून अन्य कामे करणाऱ्या सुमारे २० कोटी लोकांच्या प्रवासाची नोंद घेण्यात आली. त्यांपैकी सुमारे २ कोटी ६३ लाख लोक, म्हणजे १३ टक्क्यांहून किंचित अधिक, सायकलीने कामावर जात असल्याचे आढळले. शाळेत जाणारी मुले या संख्येत धरलेली नाहीत. बिहारमध्ये २००६ साली मुलींसाठी सुरू झालेली सायकल योजना आणि पश्चिम बंगालमध्ये २०१५ साली सुरू झालेली 'सबुज साथी' योजना यांमुळे सायकलीवरून शाळा गाठणाऱ्यांची संख्याही वाढली.

या सर्वांच्या वाटेत येणारी नेहमीची अडचण म्हणजे पंक्चर. दुरुस्तीला लागणारे पैसे थोडे असतात; नुकसान होते ते वेळेचे. पाळीवर उशिरा पोहोचलेल्या कामगाराचा अर्धा रोज जाऊ शकतो, आणि मजूर अड्ड्यावर उशीर झाला तर त्या दिवशीचे कामच हातचे जाते. पंक्चर ही दैवाची गोष्ट आहे असे मानण्याची पद्धत असली, तरी रोजच्या त्याच त्या रस्त्यावर होणारी बरीचशी पंक्चरे टाळता येण्याजोगी असतात. त्यांचे मूळ पुष्कळदा रस्त्यापेक्षा चाकातील कमी हवेत असते.

हवा कमी, पंक्चर अधिक

टायरमध्ये किती हवा भरावी हे टायरच्या बाजूवर छापलेले असते. दुकानदार तिला 'पौंड' म्हणतात. देशात सर्वत्र दिसणाऱ्या २८ इंची काळ्या सायकलीच्या टायरला साधारणपणे ४० ते ५० पौंड हवा लागते. अरुंद रेसिंग टायरला ८० पौंडांहून अधिक, तर जाड टायरला त्या मानाने कमी हवा पुरते. बहुसंख्य सायकली मात्र याच्या निम्म्या हवेवर चालताना दिसतात. अंगठ्याने दाबून हवा पाहण्याची सवय याला कारणीभूत आहे, कारण जाड टायर कमी हवेतही बोटाला कडक लागतो. त्यापेक्षा सायकलीवर बसून मागील चाकाकडे पाहावे. जमिनीला टेकलेला भाग दोन्ही बाजूंनी ठळकपणे फुगलेला दिसला, तर हवा अपुरी आहे असे समजावे.

हवा अपुरी असताना चाक खड्ड्यात किंवा गतिरोधकाच्या कडेवर आपटले की ट्यूब रिमच्या दोन काठांमध्ये चिमटली जाते. अशा वेळी ट्यूबला शेजारी शेजारी दोन बारीक चिरा पडतात. सापाच्या दंशासारख्या दिसणाऱ्या या जोडछिद्रांना काटा किंवा खिळा कारणीभूत नसतो. सायकलस्वाराच्या वजनाचा मोठा भाग मागील चाकावर पडतो. त्यात कॅरियरवर गॅसचा सिलिंडर, दुधाच्या किटल्या किंवा दुसरा माणूस असेल तर हा धोका कितीतरी वाढतो. कमी हवेमुळे ट्यूब टायरच्या आत सरकते आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते. या जागी ठिगळ टिकत नाही; ट्यूब बदलावीच लागते.

रबरातून हवा सतत झिरपत असते. त्यामुळे सायकल उभी असली तरी आठवड्यातून एकदा हवा भरणे आवश्यक आहे. घरी लहानसा पंप असणे ही पंक्चरविरुद्धची सर्वांत स्वस्त तजवीज होय. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते. मात्र तेथील यंत्र मोटारींसाठी असते आणि सायकलीची ट्यूब त्यापुढे फार लहान असते. क्षणभर जास्त वेळ नळी लावल्यास ट्यूब फुटू शकते.

हवा गेली म्हणजे पंक्चरच झाले असेही नाही. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर रबराची बारीक नळी चढवलेली असते. तिला 'वॉल ट्यूब' म्हणतात. ती उन्हाने आणि वापराने सैल पडते किंवा चिरते आणि रात्रभरात चाक बसते. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावून बुडबुडा येतो का हे पाहण्याची दुकानदारांची रीत अत्यंत भरवशाची आहे. वॉल ट्यूबचा तुकडा अगदी किरकोळ किमतीत मिळतो आणि बदलायला एक मिनिट लागते. तो खिशात किंवा सीटखाली ठेवलेला असल्यास सकाळची धावपळ वाचते.

काटे, काचा आणि पाऊस

देशातील सायकलींचे सर्वांत जुने वैरी म्हणजे काटे. १९ व्या शतकात भारतात आणलेली वेडी बाभूळ आता कोरड्या प्रदेशांत सर्वदूर पसरली आहे. गुजरातेत तिला 'गांडो बावळ', राजस्थानात 'विलायती बबूल', तर तमिळनाडूत 'सीमै करुवेलम' असे म्हणतात. कुंपणासाठी तोडलेल्या तिच्या फांद्या रस्त्यावरून ओढत नेल्या की मागे काट्यांचा सडा राहतो. दुसरा वैरी सराटा, म्हणजेच गोखरू. जमिनीसरपट वाढणाऱ्या या वनस्पतीची फळे पावसाळ्यानंतर वाळतात. फळाचा तुकडा कसाही पडला तरी त्याचे एखादे टोक वरच राहते. अमेरिकेतही या वनस्पतीने सायकलस्वारांना इतके जेरीस आणले, की तिचे इंग्रजी नावच 'पंक्चर वेल' असे पडले. तिच्या बंदोबस्तासाठी १९६१ मध्ये इटलीतून खास भुंगे नेऊन तेथे सोडण्यात आले होते.

शहरांत काट्यांची जागा काचा, तारेचे तुकडे आणि खिळे घेतात. मोटारींच्या चाकांनी हा कचरा रस्त्याच्या कडेला ढकलला जातो आणि सायकलस्वाराला नेमके त्याच कडेने जावे लागते. त्यामुळे डांबराच्या अगदी टोकाला न चिकटता, रहदारी पाहून, एक-दीड हात आतून चालवणे चाकासाठी हिताचे ठरते. काही शहरांत पंक्चरच्या धंद्यासाठी मुद्दाम खिळे टाकले जात असल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. बेंगळुरूमध्ये तर बाह्य वळण रस्त्यावर एका अभियंत्याने चुंबकाच्या साहाय्याने कित्येक किलो खिळे गोळा केले. तथापि, त्यावरून दर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे संशयाने पाहणे अन्यायाचे होईल. कामगारवस्तीतील सायकलवाहतूक चालू राहते ती याच माणसांच्या भरवशावर.

पावसाळ्यात पंक्चरे वाढतात, याचे कारण पाणी. ओले रबर अधिक सहजपणे कापले जाते; शिवाय वाहत्या पाण्याबरोबर काचा आणि खडे कडेला येऊन साठतात. खड्डा पाण्याने भरलेला असेल तर त्याची खोली कळत नाही. अशा ठिकाणी वेग कमी करून, सीटवरून किंचित उठून चाकावरचा भार हलका करणे उपयुक्त असते.

दुरुस्ती

दुरुस्ती किचकट असती तर हवेची सायकल कदाचित टिकलीच नसती. बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हा टायर रिमला चिकटवलेला असे. १८८९ मध्ये फ्रान्समधील मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात असे एक पंक्चर आले. ते काढायला तीन तासांहून अधिक वेळ लागला आणि खळ वाळण्यासाठी चाक रात्रभर ठेवावे लागले. त्यातूनच १८९१ मध्ये सहज काढता येणारा टायर पुढे आला. आज काम अर्ध्या तासाच्या आत होते.

भारतीय सायकलीत चेनकव्हर, मडगार्ड आणि स्टँड यांमुळे मागील चाक खोलणे जिकिरीचे असते. म्हणून चाक जागेवरच ठेवून टायरची एक बाजू रिमबाहेर काढली जाते आणि ट्यूब ओढून घेतली जाते. टायर उघडण्यासाठी चपटे, गुळगुळीत कडांचे पाने वापरावेत. स्क्रूड्रायव्हरने एक पंक्चर काढताना दुसरे होते. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात फिरवली की बुडबुडे छिद्राची जागा दाखवतात. वाटेत पाणी नसल्यास ट्यूब ओठांजवळून फिरवावी. हवेची बारीक झुळूकही तेथे जाणवते.

छिद्र सापडल्यावर लगेच ठिगळ लावण्याची घाई करू नये. आधी छिद्राची जागा पाहावी, कारण ती कारण सांगते. छिद्र बाहेरच्या बाजूस असेल तर काटा किंवा काच बहुधा टायरमध्ये अजून रुतलेली असते. ट्यूबचे छिद्र टायरशी जुळवून ती जागा तपासावी आणि नंतर संपूर्ण टायर आतून चिंधी फिरवून पाहावा. उघड्या बोटांनी हे करू नये. दुकानातून निघाल्यावर शंभर पावलांत पुन्हा हवा जाते, ती बहुतेक वेळा हा काटा राहून गेल्यामुळे. छिद्र रिमच्या बाजूस असेल तर तारेचे टोक वर आलेले असते किंवा त्यावरची रबरी पट्टी सरकलेली असते. टोक कानशीने घासून पट्टी बदलल्याखेरीज तेथे पंक्चर होतच राहील.

ठिगळाची जागा कोरडी करून कानशीने किंवा पॉलिश कागदाने खरवडावी आणि सोल्यूशनचा पातळ थर ठिगळापेक्षा मोठ्या भागावर लावावा. यानंतरची चूक सर्वांत जास्त आढळते. सोल्यूशन ओले असतानाच ठिगळ दाबले जाते आणि ते दोन दिवसांत सुटते. बोटाला चिकटणार नाही इतके ते वाळू द्यावे. त्यासाठी काही मिनिटे लागतात. हवा दमट असेल तर अधिक. मग ठिगळ बसवून मधून कडेकडे घट्ट दाबावे.

दुकान दूर असेल आणि जवळ फक्त पंप असेल तर रुतलेला काटा उपसू नये. तो छिद्र काही प्रमाणात बुजवून ठेवतो आणि दोन-तीनदा हवा भरत दुकान गाठता येते. ठिगळ नसल्यास ट्यूब छिद्राशी दुमडून सुतळीने घट्ट आवळली तरी काही अंतर निभावते. हवा नसलेल्या चाकावर बसून जाणे मात्र सर्वांत महाग पडते. रिम ट्यूब कापतो, टायरच्या कडा फाटतात आणि रिमही वाकतो. सायकल हातात धरून चालणे शहाणपणाचे.

टायरच्या आत अ‍ॅरामिड धाग्याचा थर असलेले पंक्चररोधक टायर बाजारात मिळतात. ते महाग असले तरी रोज लांब जाणाऱ्यास परवडतात. ट्यूबमध्ये भरावयाचे द्रव बारीक काट्यांवर चांगले काम करते, परंतु जोडछिद्रे किंवा काचेची लांब चीर त्याने बुजत नाही. भरीव टायरना पंक्चर होतच नाही. शांघायमध्ये २०१६ साली सुरू झालेल्या 'मोबाईक' या भाड्याच्या सायकलींना असेच टायर होते. मात्र ते जड चालतात आणि प्रत्येक हादरा सायकलस्वाराच्या मनगटापर्यंत पोहोचतो. काटेरी वाटांवर जुन्या ट्यूबची उभी चिरलेली पट्टी टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालण्याचा उपायही उपयोगी आहे. तिच्या कडा मात्र घासून पातळ केलेल्या असाव्यात.

टायरला मोठी चीर पडली असल्यास दुकानदार आतून जुन्या टायरचा तुकडा बसवतो, त्याला 'गेटर' म्हणतात. गेटरवर काही आठवडे काढता येतात. पण टायरची नक्षी झिजून आतील धागे दिसू लागले, की ठिगळांवर होणारा खर्च लवकरच नव्या टायरच्या किमतीला पोहोचतो. टायर बदलताना जुना टायर पुढे आणि नवा मागे घालण्याची पद्धत आहे. मात्र धागे दिसणारा टायर पुढेही घालू नये. चालत्या सायकलीचे पुढील चाक अचानक बसले तर हँडल सावरणे कठीण होते.