पायाळूचा वारस

हमरापूरच्या फाट्यावरून गावात वळले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना गणपतींचे कारखाने लागतात, आणि ज्येष्ठ महिन्यात तर अजून रंग न चढलेल्या शुभ्र मूर्तींच्या ओळी पाहून एखाद्या संगमरवरी देवसभेत आपण अवचित येऊन पडलो आहोत असा भास होतो. अशाच एका कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या एका तरुणाने गेल्या वर्षी हातातला कुंचला बाजूस ठेवून मला विचारले, "काका, पहिलेच घ्यायचे तर मेटल डिटेक्टर कोणता घ्यावा?" प्रश्नात लोभ नव्हता, छंद होता, पण छंदाच्या मुळाशी आजीने लहानपणी सांगितलेली, वाडीच्या माळावर पुरलेल्या हंड्याची गोष्ट होती, हे त्याने थोड्याच वेळात कबूल केले. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मला तीन दिवस लागले, कारण ते दुकानदाराच्या माहितीपत्रकात नसून या मुलखाच्या इतिहासात आणि त्याच्या मातीत आहे, अशी माझी समजूत होती व आजही आहे.

आपल्याकडे जमिनीच्या पोटातले धन शोधण्याचे पहिले साधन यंत्र नव्हते, माणूस होता. जो जन्मताना पायांकडून बाहेर आला तो पायाळू. त्याच्या डोळ्यांत विशिष्ट विधीने तयार केलेले अंजन घातले म्हणजे त्याला भूमीखालचे पाणी व निधी दिसतो, आणि त्याच कारणाने आकाशातल्या विजेचाही डोळा त्याच्यावर असतो, अशी श्रद्धा कोकणात आणि देशावर सारखीच रुजलेली होती. पाणाड्याने विहिरीची जागा दाखवावी आणि पायाळूने हंड्याची, अशी ही जणू श्रमविभागणीच होती. पाणाड्याचे भाकीत दहा-वीस हात खणले की खरे-खोटे ठरे. पायाळूचे मात्र कधीच खोटे ठरत नसे, कारण हंडा न सापडल्यास तो 'चालून गेला', अथवा त्यावरच्या नागाने तो दिला नाही, असे उत्तर सिद्धच असे. या उत्तराच्या आडोशाने पुढे जी अघोरी कृत्ये झाली, त्यांत निष्पाप जिवांचे बळीही गेले. आणि महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला, यावरून ही समजूत केवळ आजीच्या गोष्टीपुरती उरलेली नव्हती हे ध्यानी यावे.

परंतु हंडे पुरले जात होते ही गोष्ट मात्र कल्पित नव्हे. पेण-रोह्याचा हा टापू खाडीचा, बंदरांचा आणि मिठाचा. पेणच्या अंतोरा बंदरातून आणि अंबेच्या पात्रातून नागोठण्यापर्यंत गलबते येत, आणि जेथे गलबत येते तेथे नाणे येते. एका बाजूस जंजिऱ्याचा सिद्दी, दुसरीस चौल-रेवदंड्याचा फिरंगी, मध्ये कुलाब्याचे आंग्रे आणि घाटावरून उतरणाऱ्या फौजा, अशा चौफेर धामधुमीत ज्या कुळाने चार पैसे गाठीस बांधले त्याने ते चुलीजवळ, गोठ्यात किंवा उंबऱ्याखाली पुरून ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. टपाल खात्याची बचत बँक हिंदुस्थानात १८८२ साली सुरू झाली. तोपर्यंत सामान्य रयतेची पेढी म्हणजे तिच्याच घरची जमीन. पुरणारा अकस्मात मेला, किंवा परागंदा झाला, की ठेव तेथेच राही आणि तिचा ठावठिकाणा गोष्टीत शिरे.

आणि हे नाणे नेहमी दूरदेशाहूनच आलेले असे असेही नाही. पेशवाईत टांकसाळ हा सरकारचा एकाधिकार नसून परवान्याने चालणारा धंदा होता. १७४४ च्या सुमारास नागोठण्याच्या बाळाजी बापूजी नामक गृहस्थास तांब्याचे पैसे पाडण्याची सनद मिळाली, आणि त्याच काळात रेवदंड्याच्या दातारांसही तशीच परवानगी दिली गेली. नागोठण्याच्या परवान्यापोटी सरकारात भरावयाची रक्कम पहिल्या वर्षी ५०, दुसऱ्या वर्षी ७५ आणि तिसऱ्या वर्षी १०० रुपये अशी चढती होती. धंदा जसा बसेल तसा सरकारचा हिस्सा वाढावा, हा त्यातला हिशेब आजच्या करआकारणीसही शोभेल असा आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठेशाहीतील नाणी व टांकसाळी यांवर लिहिताना पेशवे दफ्तरातील असल्या नोंदींकडे लक्ष वेधले. तेव्हा या परिसरातल्या एखाद्या माळावर हिरवा गंज चढलेला जाडजूड शिवराई पैसा सापडला, तर तो रायगडावरून आला की पुण्याहून, याची कल्पना लढवण्याआधी तो दहा-पंधरा मैलांवरच पाडला गेला असेल हेही मनात आणावे. सोन्याच्या होनाची स्वप्ने पाहणाऱ्यास हे नीरस वाटेल. मला मात्र होनापेक्षा या तांब्याचेच आकर्षण अधिक, कारण होन राजाच्या खजिन्याचा आणि शिवराई कोळणीच्या ओच्यातली.

सापडलेले धन कोणाचे, हा प्रश्न शोधण्याच्या साधनाइतकाच जुना आहे. निधीची वर्दी देणाऱ्यास सहावा हिस्सा आणि तो पगारी चाकर असल्यास बारावा, असे कौटिल्याने ठरवून टाकले होते. इंग्रजी अमलात १८७८ चा निखात निधी कायदा आला आणि तोच आजतागायत आधारभूत आहे. मूळ कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीची, जमिनीत दडवलेली कोणतीही वस्तू सापडली तर तिची लेखी वर्दी कलेक्टरास द्यावी लागते. कलेक्टर जाहीरनामा काढतो, हक्कदार पुढे न आल्यास निधी बेवारस ठरतो, आणि उभयतांत अन्य करार नसेल तर तीन हिस्से शोधणाऱ्यास व एक हिस्सा जमिनीच्या मालकास मिळतो. सरकारला तो हवा असल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन ते तो घेऊ शकते. वर्दी न देणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि वर एक वर्षापर्यंतची कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. १८७८ साली दहा रुपये म्हणजे मजुराची महिन्या-दोन महिन्यांची कमाई होती, आणि आज त्यात एक कटिंग चहा येतो! संरक्षित किल्ले व पुरातन स्थळे यांवर तर परवान्याशिवाय कुदळ मारणेच गुन्हा आहे. आणि तो असावाच, कारण थरातून उपटलेले नाणे म्हणजे तारीख फाडून टाकलेले पत्र होय. दायमाबादची कांस्यशिल्पे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्यास झाडाचे खोड खणताना मिळाली. ती शास्त्रशुद्ध उत्खननाच्या थरातून वर आली नाहीत, म्हणूनच त्यांच्या काळाविषयी विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही.

आता यंत्राकडे वळू. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, आणि ती देहात कोठे रुतली आहे हे शोधण्यासाठी टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने विद्युत्प्रवर्तनाच्या तत्त्वावर एक उपकरण रचले. उपकरण चालत होते, पण रोग्याच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी त्याला चकवले. शिवाय डॉक्टरांनी शरीराची उजवी बाजूच तपासू दिली, आणि गोळी तर डावीकडे होती. सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष निवर्तले. पुढे १९३० च्या दशकात गेर्हार्ड फिशर या जर्मन अभियंत्याने अमेरिकेत विमानांच्या दिशादर्शक यंत्रांवर काम करताना, खनिजयुक्त भूमीवरून जाताना ती चुकतात हे पाहून त्या चुकीचाच उपयोग करून घेतला, आणि महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने रचलेली सुरुंगशोधक यंत्रे १९४२ मध्ये एल अलामीनच्या वाळूत चालली. युद्ध संपल्यावर असली यंत्रे मोडीच्या भावात विकली गेली आणि पाश्चात्त्य देशांत छंदिष्टांचा एक नवा पंथ उभा राहिला.

बेलची गादी मी त्या तरुणास मुद्दाम सांगितली, कारण हमरापूरची जमीन हीच तशी एक गादी आहे. पूर्वेकडचे डोंगर काळ्या पाषाणाचे, लोहकणांनी भरलेले. त्यांच्या झिजेतून झालेली माती साध्या यंत्राला ठायी ठायी धातूचा भास करून देते. पश्चिमेस खाडीच्या बाजूला खारेपाट. तेथील ओली खारट माती स्वतःच विजेची वाहक, म्हणून एकाच वारंवारतेवर चालणारे स्वस्त यंत्र तेथे अखंड कुरकुरत राहते. तिसरी गोष्ट यंत्राची नव्हे, इतिहासाची. खारेपाटातील बरीच शेती शिलोत्रदारांनी बांध घालून समुद्राच्या मुखातून काढलेली आहे, आणि त्या बांधांच्या डागडुजीसाठी कुळांकडून भाताच्या रूपाने शिलोत्र घेतले जाई. जेथे बांधाआधी भरतीचे पाणी खेळत होते तेथे कोणाचे घर नव्हते, घर नव्हते तेथे चूल नव्हती, आणि चूल नव्हती तेथे हंडा कसला?

म्हणून मी त्यास म्हटले, पल्सच्या तत्त्वावर चालणारे महागडे यंत्र घेऊ नकोस. ते खारीला व काळ्या मातीला दाद देत नाही हे खरे, पण खिळा आणि नाणे यांत भेदही करीत नाही, आणि चार दिवस गंजके खिळे उकरून तुझा छंद आटेल. जमिनीचा गुण हाताने जुळवून घेता येईल, शक्य तर एकाहून अधिक वारंवारतांवर चालेल, असे मध्यम किमतीचे घे. माहितीपत्रकात लिहिलेल्या खोलीवर विश्वास ठेवू नकोस. पैशाएवढे नाणे वीतभर खोलीवर लागले तरी पुष्कळ समज. चैत्र-वैशाखात जमीन सुकली की वापर, कारण तेव्हा खारीचा त्रास कमी. आणि दुसऱ्याच्या शेतात, गडावर किंवा देवळाच्या आवारात मुळीच जाऊ नकोस.

त्याने बहुतेक ऐकले. वैशाखात, घरच्याच माळावर, जुन्या खळ्याच्या जागी, यंत्र कानाशी वाजवीत तो तीन सकाळी फिरला, आणि त्याला नांगराच्या फाळाचा तुकडा, बैलाचे दोन नाल, बाटल्यांची पुष्कळशी बुचे, आणि एक भोकाचा पैसा मिळाला. महायुद्धात धातू वाचवण्यासाठी १९४३ पासून सरकारने मध्ये भोक पाडून काढलेले हे काशाचे नाणे लोक नट-बोल्टांच्या चकत्या म्हणूनही वापरत. यावर साल १९४४ होते. पंचाहत्तरीच्या पुढच्या आजीने तो पैसा पदराने पुसला, उजेडाकडे धरून भोकातून अंगणात पाहिले, आणि असाच पैसा आपल्या धाकट्या भावाच्या करगोट्यात ओवलेला असे, हे सांगितले. नातवाने थट्टेने १८७८ चा कायदा काढून तीन हिस्से आपले असल्याचे बजावले. सातबाऱ्यावर नाव आजीचे होते. तिने पैसा कनवटीस लावला आणि भाकऱ्या थापायला आत गेली.