कैरोचा राजरस्ता आणि चौलची लढाई

कैरोच्या जुन्या भागांत बाब-अल्-फुतूह या उत्तरेच्या वेशीपासून बाब-झुवैला या दक्षिणेच्या वेशीपर्यंत एक रस्ता जातो. लांबी जेमतेम एक किलोमीटर. पण इजिप्तच्या साडेपांचशें वर्षांच्या वैभवाचा इतिहास तेवढ्यांत सांठला आहे. इ. स. ९६९ मध्यें फातिमी सेनापति जौहर यानें हें नगर वसविलें; ज्या खलीफासाठीं वसविलें त्या मुइझ्झचें नांव रस्त्यास आहे.

मध्यभागास ‘बैन-अल्-कस्रैन’, म्हणजे ‘दोन वाड्यांमधील जागा’, म्हणतात. ते वाडे केव्हांच नाहींसे झाले. नांव तेवढें राहिलें! ११७१ मध्यें सलाहुद्दीननें फातिमी सत्ता संपविली, आणि पुढील सुलतानांनीं त्या जागीं मदरसे व कबरी उभारल्या. त्यांत कलावून सुलतानाची वास्तु (१२८४-८५) मला सर्वांत थोर वाटते. घुमटासाठीं नव्हे, तर तिला जोडलेल्या रुग्णालयासाठीं. तेथें गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष सर्वांना मोफत औषधोपचार मिळे, आणि खर्च वक्फच्या उत्पन्नांतून भागे. शेजारच्या मदरशाचा दरवाजा तर चक्क ख्रिस्ती देवळाचा आहे. १२९१ मध्यें क्रूसेडरांकडून आक्रे शहर जिंकल्यावर तो तेथून उचलून आणला. समोरच तांबटआळी.

या वैभवास पैसा कोठून आला? बराचसा मिऱ्यांतून. हिंदुस्थानचा मसाला तांबड्या समुद्रानें येऊन कैरोच्या वखारींत उतरे, आणि व्हेनिसचे व्यापारी तो अलेक्झांड्रियाहून नेत. जकात सुलतानाच्या खजिन्यांत पडे. पोर्तुगीज हिंदी महासागरांत शिरले तेव्हां या बाजाराच्या पोटावरच पाय आला. म्हणून सुलतान घूरीनें आरमार पाठविलें. १५०८ मध्यें आपल्या कोंकणांतील चौल येथें, गुजरातच्या मलिक अयाझाच्या साह्यानें, त्यानें पोर्तुगीजांना हरविलें. व्हाइसरॉय आल्मेइदाचा पुत्र तेथेंच पडला. आपल्याकडे चौल म्हटलें कीं नारळी-पोफळी आठवतात. ही लढाई फारशी कोणास ठाऊक नसते. पुढल्याच वर्षीं दीवजवळ बापानें सूड घेतला, आणि तें आरमार पार मोडलें.

घूरीनें याच रस्त्याच्या दोन बाजूंस मदरसा व स्वतःची कबर बांधून ठेवली होती. मध्यें छपराखालीं रेशमाचा बाजार भरे. १५१६ मध्यें तुर्कांशीं लढतांना तो मेला. प्रेत सांपडलें नाहीं. त्याचा वारस तूमानबे यास तुर्कांनीं १५१७ मध्यें बाब-झुवैलापाशीं फांशीं दिलें.