हा हात कोणाचा ?

श्रोतेहो, क्षणभर आपल्याच बोटांनीं आपल्या तळपायाला गुदगुल्या करून पाहा. हंसूं येणार नाहीं. तेंच दुसऱ्या कोणीं केलें तर पाय आपोआप मागें ओढला जातो. या क्षुल्लक गोष्टींत 'मी' आणि 'दुसरा' यांतील थोरला भेद सांठविलेला आहे. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

आपलें शरीर आपलें आहे, हें ज्ञान उपजत व अढळ आहे असें आपण समजतों. मेंदूच्या वैद्यांना मात्र तें तसें दिसेना. लंडनचे हेन्री हेड व गॉर्डन होम्स यांनीं १९११ सालीं असें प्रतिपादिलें कीं, मेंदूंत शरीराचा एक नकाशा असतो व प्रत्येक हालचालीबरोबर तो नव्यानें दुरुस्त होतो. टोपींत पीस खोवणाऱ्या बाईच्या बाबतींत तो त्या पिसाच्या टोंकापर्यंत पोंचतो, असें हेड म्हणत. आंधळ्याची काठी आठवा, म्हणजे यांतील मर्म ध्यानांत येईल.

याच सुमारास, १९०८ सालीं, स्वित्झर्लंडचे ऑयगेन ब्लॉयलर यांनीं बर्लिन येथील व्याख्यानांत 'स्किझोफ्रेनिया' हें नांव योजिलें. या विकाराचे कांहीं रोगी म्हणत, "हात माझाच हालतो, पण हालविणारा कोणी निराळा आहे." दूरचें एखादें यंत्र आपणांस चालवितें असें मानणाऱ्या रोग्यांचें वर्णन व्हिएन्नाच्या व्हिक्टर टाउस्क यांनीं १९१९ सालीं केलें. आपल्याकडे अशा बोलण्याला भूतबाधा किंवा करणी म्हणत आले.

याचा उलगडा हळूहळू झाला. १९५० सालीं जर्मनींतील फॉन होल्स्ट व मिटेलश्टेट यांनीं माशीवरील प्रयोगांच्या आधारें असें मांडलें कीं, स्नायूंना हुकूम सोडतांना मज्जासंस्था त्याची नक्कल आपल्यापाशीं ठेवते. कचेरींतील जावक नोंदवहीच ती ! परत आलेली संवेदना त्या नोंदीशीं जुळली कीं ती 'माझी' ठरते व तिचा जोर ओसरतो. म्हणूनच स्वतःच्या गुदगुल्या फिक्या. स्किझोफ्रेनियांत ही नोंदच बिघडत असावी, असा तर्क ब्रिटनमधील क्रिस फ्रिथ यांनीं केला. २००० सालीं सारा-जेन ब्लेकमोर, फ्रिथ व सहकाऱ्यांनीं तळहातावर मऊ स्पर्श करून पाहिला. निरोगी माणसांना स्वतः केलेला स्पर्श फिका वाटला. ज्या रोग्यांना आवाजाचे भास होत किंवा आपणांस परका कोणी चालवितो असें वाटे, त्यांना मात्र आपला व दुसऱ्याचा स्पर्श सारखाच भासला. विकाराचें सारें कोडें यानें सुटलें नाहीं. परंतु रोग्याचें बोलणें हें सोंग नव्हे, इतकें तरी निश्चित झालें.

माझ्या शिक्षकीच्या काळांत एका हुशार मुलानें कोरी उत्तरपत्रिका दिली. "गुरुजी, माझा हात कोणी तरी धरून ठेवतें," असें तो म्हणाला. मीं तें निमित्त समजलों व त्याला वर्गाबाहेर उभें केलें. त्याच्या आजाराचें नांव मला पुढें दोन वर्षांनीं कळलें. तो खरें सांगत होता. ऐकणारा मी अपुरा पडलों.

श्रोतेहो, आपल्या घरांत कोणी असें बोलूं लागलें, तर वाद घालूं नका, मांत्रिकाकडेहि धांवूं नका. आधीं ऐकून घ्या, आणि विनाविलंब मानसरोगतज्ज्ञाकडे न्या.