घरचा माग आणि गिरणीचा भोंगा

१ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हां तिच्या चालकांना कच्च्या मालाची विवंचना नव्हती. वर्धा खोऱ्यांतील कापूस, विशेषतः हिंगणघाटचा, लिव्हरपूलच्या बाजारांतहि नांवानें ओळखला जात होता. लोहमार्ग १८६७ सालींच नागपुरास येऊन पोंचला होता, आणि कोळसा जवळच वरोऱ्यास सांपडला होता. विवंचना होती ती निराळीच. माणसें मिळत, परंतु तीं रोज येत नसत. हातीं चार पैसे जमले कीं मजूर घरीं राही. पेरणी आली, लग्न निघालें, जत्रा भरली कीं त्याचा साचा रिकामा पडे. दररोज शेंकडा वीसच्या सुमारास कामगार गैरहजर असत, असें जमशेटजी टाटांचे चरित्रकार सांगतात. त्या काळचे कारखानदार या वर्तनाला सरसकट आळस म्हणून मोकळे होत. खरें कारण पाहावयाचें असेल तर गिरणीच्या फाटकापासून निघून, जेथून तिचा कापूस येत होता त्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत शिरलें पाहिजे.

१८६२ सालीं नागपुरापासून वेगळा काढून वर्धा जिल्हा निर्माण झाला. त्याच्या आधींच्या पिढ्यांत, शेतांतलें बोंड अंगावरचें वस्त्र होईपर्यंतचा बहुतेक प्रवास येथें घराच्या उंबरठ्याच्या आंतच होत असे. सरकी काढणें व सूत कातणें हें बायकांचें काम. कोष्टी खड्ड्यांत पाय सोडून घरच्याच मागावर बसे. बायको कांड्या भरून देई आणि मुलें ताण्याला हात लावीत. महार विणकर जाडेंभरडें कापड विणीत. मजुरी ठरे ती विणलेल्या कापडावर, घालविलेल्या तासांवर नव्हे. ऊन चढलें म्हणजे माग थांबे, उन्हें उतरलीं म्हणजे पुन्हां चाले, आणि शेताच्या घाईंत चार दिवस बंदहि राही. दिवस केव्हां सुरू करावयाचा व केव्हां संपवावयाचा, हें ठरविणारा माणूस घरांतच होता.

या चित्राला सोनेरी चौकट लावण्याचें मात्र कारण नाहीं. सूत उधार मिळे तें सावकाराकडून आणि कापड जाई तेंहि बहुधा त्याच्याच दुकानांत. विणकर आपल्या वेळेचा धनी असला तरी आपल्या भावाचा धनी नव्हता. पुढें विलायती व गिरणीचें सूत स्वस्त झालें, तेव्हां पहिला घाव बसला तो घरांत कातणाऱ्या बायकांवर. सरकी काढण्याचें त्यांचें कामहि जिनिंगच्या कारखान्यांत गेलें. माग घरींच राहिला, पण त्यावर चढणारें सूत आतां बाहेरून येऊं लागलें. १८८१ सालीं हिंगणघाटला बन्सीलाल अबीरचंद यांच्या पेढीची गिरणी उभी राहिली आणि १८९० च्या आसपास पुलगांवलाहि गिरणी निघाली. ज्या काळाची सवय खेड्यांना नव्हती, तो भोंग्याचा काळ अशा रीतीनें वर्धा जिल्ह्याच्या अंगणांत येऊन ठेपला.

हा काळ किती लांबीचा होता? १८८१ च्या पहिल्या कारखाना-कायद्यानें प्रौढ पुरुषांच्या तासांना कांहींच मर्यादा घातली नव्हती. १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा व सर्वांना आठवड्याची सुटी मिळाली. कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर आला तो १९११ च्या कायद्यानें. आठवड्यास अठ्ठेचाळीस तास हा नियम होण्यास १९४६ साल उजाडावें लागलें. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्राला बांधून घेणाऱ्या ठिकाणीं ज्याला घरीं माग, शेत व आप्त होते तो रोज गेला नाहीं, यांत आळसापेक्षां हिशेबच अधिक दिसतो. कोष्ट्यांनीं आपला माग सहजासहजीं सोडला नाहीं तोहि याच हिशेबानें.

परंतु सर्वांचें घर सारखें नसतें, हें येथें विसरतां कामा नये. महार समाजाला खेडें म्हणजे गांवकीची सक्तीची चाकरी आणि शिवाशिवीचा पदोपदीं अपमान. त्या समाजांतील हजारों माणसांना गिरणीचा भोंगा हा बंधनाचा नव्हे तर सुटकेचा आवाज वाटला असल्यास नवल नाहीं; कारण तेथें महिनाअखेर रोख पगार हातांत पडत असे आणि पाटलाची हांक ऐकूं येत नसे. अर्थात् गिरणींतहि समता होतीच असें नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खातें अस्पृश्यांना बंद होतें, आणि १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं तो प्रश्न धसास लावला. तरीहि एकच फाटक एकाला तुरुंगाचें व दुसऱ्याला वेशीबाहेरच्या वाटेचें कां दिसतें, याचें उत्तर त्या दोघांच्या घरांत असतें.

आतां पुन्हां एम्प्रेस मिलकडे वळावें. गैरहजेरीवर त्या काळचा रूढ उपाय म्हणजे दंड व मुकादमाची दहशत. जमशेटजी व त्यांचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांनीं दुसरी वाट धरली. १८८६ सालीं गिरणींत पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५ सालीं अपघाताच्या भरपाईची तजवीज झाली. पुढें १९०१ मध्यें भविष्यनिर्वाह निधि आला. चांगलें काम करणाऱ्यांसाठीं बक्षीस-समारंभ भरूं लागले आणि त्यांत कापड, घड्याळें, पदकें वांटलीं जाऊं लागलीं. हा निव्वळ दानधर्म नव्हता. माणूस रोज आला तर गिरणीला नफा होता, हें मालक जाणून होते. परंतु कामगाराला घरीं थांबविणारें काय आहे, हा विचार त्यांनीं आधीं केला. म्हातारपणीं शेताचा आधार, दुखण्यांत भाऊबंदांचा आधार, हेंच जर त्याला गांवाकडे ओढीत असेल, तर तोच आधार गिरणीनें थोडाबहुत द्यावा, असा तो व्यवहार होता. हुकूम एकतर्फी असतो, येथें निदान देवघेव होती.

यानंतर अर्ध्या शतकानें याच मुलखांत उलट दिशेचा प्रयोग झाला. गिरणीनें घरांतून नेलेलें काम घराला परत द्यावें, हा त्याचा हेतु. डिसेंबर १९३४ मध्यें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व वर्ध्याच्या मगनवाडींत जे. सी. कुमारप्पा यांच्या चिटणीसपदाखालीं त्याचें काम सुरू झालें. १९३६ सालीं गांधीजी सेगांवास राहावयास गेले. तेंच पुढें सेवाग्राम झालें. परंतु काम घरीं आणलें म्हणजे सर्व कांहीं साधलें, असें वर्ध्याच्या या मंडळींनीं मानलें नाहीं. घरीं बसून कातणाऱ्या बाईला दिवसाकाठीं मिळणारी मजुरी इतकी तुटपुंजी होती कीं खादी स्वस्त ठेवण्याचा भार तिच्याच पोटावर पडत होता. आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळावेत हें ध्येय गांधीजींनीं पुढें मांडलें, आणि ऑक्टोबर १९३५ मध्यें वर्ध्याच्या सभेंत चरखा संघानें निर्वाहापुरत्या मजुरीचें तत्त्व स्वीकारलें. जवळच नालवाडीस विनोबा स्वतः दिवसाचे आठ-आठ तास कातून, त्या मजुरीवर माणूस जगूं शकतो काय, हें अजमावीत होते.

विशेष हें कीं हजेरी गांधीजींच्या आश्रमांतहि होती, आणि ती कडक होती. सायंप्रार्थनेच्या वेळीं प्रत्येकाचें नांव पुकारलें जाई व आपण किती तार सूत कातलें तें ज्यानें त्यानें सर्वांसमक्ष सांगावयाचें असे. घड्याळ तर गांधीजींच्या कमरेलाच लटकत असे. म्हणजे शिस्त, वेळ व मोजदाद यांचा माणसाला मुळांतच तिटकारा असतो असें नाहीं. स्वतः घेतलेल्या व्रताची मोजदाद तो आनंदानें देतो, पण दुसऱ्यानें न विचारतां लादलेली मोजदाद त्याला खुपते.

हा सगळा इतिहास जुना झाला असें वाटत असतां मार्च २०२० मध्यें महामारीची टाळेबंदी आली, आणि माग नव्हे तर कचेरी घरांत शिरली. एम्प्रेस मिल ज्या उद्योगघराण्याची, त्याच घराण्याच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या संगणक कंपनीनें त्याच वर्षीं जाहीर केलें कीं, २०२५ पर्यंत कोणत्याहि वेळीं फार तर पंचवीस टक्के नोकरांनीं कचेरींत असण्याची गरज पडेल. परंतु ऑक्टोबर २०२३ पासून तिच्या सहा लाखांवर नोकरांना आठवड्याचे पांचहि दिवस कचेरींत येण्यास सांगण्यांत आलें. एप्रिल २०२४ मध्यें तर तिमाहीच्या बदलत्या वेतनाची सांगड हजेरीशीं घालण्यांत आली. साठ टक्क्यांहून कमी हजेरी असेल तर तें वेतन मुळींच नाहीं, पंचाऐंशीच्या वर असेल तर पूर्ण. कंपन्यांच्या बाजूनेंहि म्हणणें आहे. नवखा माणूस जाणत्याच्या शेजारीं बसून शिकतो आणि संस्थेची रीत पडद्यावरून उतरत नाहीं, हें म्हणणें पोकळ नव्हे. दुसऱ्या बाजूला, आईबापांजवळ राहून संसार बसविलेल्या मुलाला शहरांतील भाडें व रोजची ये-जा पुन्हां अंगावर घ्यावी लागली. याच कंपनीच्या २०२२-२३ च्या अहवालांत स्त्रियांचें नोकरी सोडण्याचें प्रमाण पुरुषांहून वाढल्याची नोंद आहे. घरून काम करण्याच्या काळांत कांहीं स्त्रियांच्या घरची घडी बदलली व ती त्यांना कचेरींत परतूं देत नसावी, असा तर्क मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांनींच त्यांत केला.

बाहेरच्या जगांतील अनुभवहि याला जुळतो. चीनमधील एका प्रवास कंपनींत २०१०-११ मध्यें कांहीं नोकरांना नऊ महिने घरून काम करूं दिलें, तेव्हां त्यांचें काम तेरा टक्क्यांनीं वाढलें. मात्र मुदत संपल्यावर पुन्हां निवड करूं दिली तेव्हां निम्म्याहून अधिकांनीं आपली जागा बदलली. घरचा एकटेपणा अनेकांना सोसवला नव्हता. आणि निवड ज्याची त्याला करूं दिल्यामुळें एकंदर लाभ जवळजवळ दुप्पट झाला. त्याच कंपनींतील सोळाशेंवर नोकरांच्या २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें आढळलें कीं, आठवड्यांतून दोन दिवस घरून काम दिल्यानें कामांत उणेपणा आला नाहीं आणि नोकरी सोडणाऱ्यांचें प्रमाण एक-तृतीयांशानें घटलें.

एम्प्रेस मिल २००२ सालीं बंद पडली आणि तिच्या जागेवर आज बाजारपेठ उभी आहे. आतां भोंग्याऐवजीं दारावरचें यंत्र हजेरी टिपतें. परंतु जो माणूस घरीं राहूं इच्छितो, त्याला कोणती गोष्ट घरीं थांबवीत आहे, ही चौकशी त्या यंत्राला करतां येत नाहीं. वर्ध्याच्या खेड्यांतील कोष्ट्याविषयीं, वेशीबाहेरच्या महाराविषयीं आणि चरख्यापाशीं बसलेल्या बाईविषयीं ती चौकशी ज्यांनीं ज्यांनीं केली, त्यांना प्रत्येक वेळीं निराळें उत्तर मिळालें. आजच्या आज्ञापत्रांवर सही करणाऱ्यांनीं ती आधीं केली तर पुढच्या पुष्कळ कटुतेचें कारण उरणार नाहीं.