बेहड्याचा दाखला

आमच्या घरात एक निळी, लांबट वही आहे. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी. पहिल्या पानावर गावातल्या एकतीस खातेदारांची नावं, पुढे गट नंबर, त्या गटात उभ्या असलेल्या बेहड्यांची संख्या आणि एकेका बुंध्याचा घेर. सगळं माझ्याच अक्षरात. सात वर्षं मी ती वही सांभाळली. त्यातल्या एका पानावर लाल शाईची रेघ आहे. ती मारताना माझा हात थरथरला होता हे आजही दिसतं.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला. आमच्या भागात सरकारी जंगल नावापुरतं. डोंगरउतारावर जी काही झाडी आहे ती बहुतेक लोकांच्या सातबारावर, नाहीतर देवराईत. देवराईला देव राखतो. खासगी झाडीला राखणारा कुणी नाही. घरात लग्न निघालं, कुणी आजारी पडलं, की उतारावरचा एक तुकडा ठेकेदाराला द्यायचा. चार दिवस कुऱ्हाडी, नंतर कटर, मग ट्रक घाट चढून जायचे. उरलेल्या बोडक्या जागेत काजू लावायचा.

त्यातही बेहड्याला कुणी वाली नव्हता. झाडतोडीच्या १९६४ च्या कायद्याच्या मूळ यादीत आंबा, फणस, साग, खैर, हिरडा अशी सोळा झाडं आहेत, बेहडा नाही. लाकूड हलकं, इमारतीला निरुपयोगी, लवकर किडणारं. खोकी नाहीतर जळण. शिवाय झाडाची बदनामी फार जुनी. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याचे फासे बेहड्याच्या बियांचे. महाभारतात नळाच्या अंगातून बाहेर पडलेला कली लपला तो बेहड्यातच, आणि तेव्हापासून हे झाड वाईट ठरलं. आमच्या आजीला नळाची गोष्ट ठाऊक असेल-नसेल, पण तिन्हीसांजेला बेहड्याखालून जायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. गंमत अशी, की त्रिफळ्यातला एक वाटा याच झाडाचा. चूर्ण घ्यायचं आणि झाडाला शिव्या द्यायच्या.

माणसाने टाकलेलं हे झाड धनेशाने मात्र धरलं. घरातली जुनी माणसं त्याला ककणेर म्हणत. एवढ्या मोठ्या पक्ष्याला मावेल अशी ढोली जुन्या, जाड झाडातच सापडते, आणि आमच्याकडे तशी जुनी झाडं म्हणजे बरीचशी बेहडेच. मादी ढोलीत शिरते, विष्ठा आणि चिखल यांनी तोंड लिंपून घेते, आत पिसं टाकते. बारीक फटीतून नर तिला उंबर, वडाची फळं भरवत राहतो. हे तीन महिन्यांच्या वर चालतं. त्या काळात झाड पडलं तर मादीला उडता येत नाही. पडायचं तर तिनंही झाडाबरोबरच.

मानांकनाची गोष्ट गावात आणली ती पुण्याहून येणाऱ्या एका संस्थेने. फेअरवाइल्ड नावाचं एक प्रमाणपत्र आहे, रानातून गोळा केलेल्या वनस्पतींसाठी. ते चालवणारी संस्था २००८ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झाली. फळं गोळा करताना झाडाला इजा नको, प्राण्यांसाठी काही फळं रानातच सोडायची, पोरांना शाळेतून काढून वेचायला लावायचं नाही, भाव आधी ठरवून द्यायचा, आणि भावावर थोडी जादा रक्कम वेचणाऱ्यांच्या सामायिक निधीत टाकायची. इंग्लंडमधली एक चहाची कंपनी असा बेहडा घेणार होती. आमच्या गटाने आपलं एक कलम त्यात घातलं: नोंदवलेल्या गटातला एकही बेहडा तुटता कामा नये.

ही कल्पना नवी नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९८१ पासून ‘लँड फॉर वाइल्डलाइफ’ अशी योजना आहे. आपली जमीन वन्यजीवांसाठी राखणाऱ्याच्या फाटकावर पाटी लागते. पहिल्या सभेत मी तिचा फोटो दाखवला, तर मागून एकजण बोल्ला, "पाटी लावायला फाटक हवं ना भाऊ? आणि नाव कुणाचं लिवायचं? आमच्या सातबारावर तेवीस नावं हायत, त्यातली नऊ मयत." सभा हसली. त्याचं म्हणणं मात्र खरं होतं. पहिलं अख्खं वर्ष माझं काम झाडं मोजण्याचं नव्हतंच. लालबाग, नालासोपारा, विरार इथल्या चाकरमान्यांच्या संमतीपत्रावर सह्या आणण्याचं होतं. गणपतीत सगळे गावी येतात, त्या दहा दिवसांत आरत्या कमी आणि सह्याच जास्त झाल्या.

जानेवारीपासून फळं पडायची. बाया सकाळी वेचून आणायच्या, खळ्यात पसरायच्या, ओली असली की बुरशी धरते म्हणून रोज हलवायच्या. मी पोत्याला चिठ्ठी बांधायचो: नाव, गट, तारीख, वजन. बाहेरून तपासणीस यायचा तो आधी पोतं बघायचा, मग वही. कागद सगळ्यांचा मिळून एकच. एकाने लबाडी केली की एकतीसही जणांचा दाखला अडचणीत. आमच्यासारख्या भावकीच्या गावात या अटीचा अर्थ काय होतो, हे पुण्याच्या माणसांना सांगूनही कळलं नसतं.

चौथ्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. धाकट्या काकांच्या पश्चात उतारावरचा एक गट काकी आणि माझा मुंबईचा चुलतभाऊ यांच्यात सामायिक राहिला होता. वेचणं, वाळवणं सगळं काकीचं, त्याची फक्त संमतीपत्रावर सही. त्या गटात सहा बेहडे, एकात धनेशाची ढोली, मादी आत. सकाळी कटरचा आवाज आला आणि मी धावत सुटलो. पोचलो तेव्हा चार झाडं आडवी झाली होती. कामगार ढोलीच्या झाडाखाली बिड्या ओढत बसले होते आणि काकी समोर कमरेवर हात ठेवून उभी. तिनं त्यांना भांडून थांबवलं नव्हतं. एवढंच विचारलं होतं, "नारळ ठेवलात? गाऱ्हाणं घातलंत? नाय? मग उद्या तुमच्यातला कोण आजारी पडला तर मला बोलू नका." माणसं बाहेरगावची होती, पण गाऱ्हाण्याशिवाय जुन्या झाडाला हात लावणारी तीही नव्हती. मालकाकडून नारळ आणायला त्यांनी एकाला पिटाळलं होतं. तेवढ्या वेळात वर फांदीवर नर येऊन दोनदा परत गेला, असं काकी म्हणाली.

मी चुलतभावाला फोन लावला. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, तो ओरडत नव्हता, उलट दमल्यासारखा बोलत होता. राहिलेली दोन झाडं सोडायला तयार झाला. मग म्हणाला, "दादा, एक सांग. तुझ्या बाबांनी आख्खा उतार विकला तेव्हा कुठं होता तुझा दाखला?"

त्याला उत्तर नव्हतं. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि माझे थोरले काका, म्हणजे याचेच वडील, बायकोपोरांसकट गावी आले. वर्ष गेलं, संप मिटेना. भात पुरेना. १९८३ च्या उन्हाळ्यात बाबांनी आमच्या वाट्याचा उतार ठेकेदाराला दिला. मी तेव्हा नववीत. ट्रक मोजायला मजा वाटली होती. त्या पैशांवर दोन्ही घरं जगली, आणि याच चुलतभावाची शाळा सुटली नाही. बाबांनी कधी त्याचा उच्चार केला नाही. माझ्या वहीत म्हणूनच माझ्या स्वतःच्या नावापुढे बेहड्यांच्या रकान्यात शून्य आहे.

महिनाभर मी वही उघडली नाही. झाडं तुटली ती आतल्या बाजूची, रस्त्यावरून दिसत नव्हती. तपासणीस प्रत्येक गटात जात नाही, निवडक गट बघतो. बायको म्हणाली, "गप रहा, चार झाडं म्हणजे काय." गटाच्या बैठकीतही दोघांनी तेच सुचवलं. शेवटी मी पान काढलं, तारीख घातली, तुटलेल्या झाडांचे घेर लिहिले आणि गटावर लाल रेघ मारली. तपासणीस आला, ते पान वाचलं, तारीख विचारली, खुंटांचे फोटो मागितले आणि पुढचं पान उलटलं. एवढंच. दाखला राहिला.

पण रेघ गटावर होती, आणि गटावर काकीचंही नाव होतं. जिनं ढोली वाचवली तिचाच माल नियमाने बाद. पुढच्या जानेवारीत ती दोन झाडांची फळं घेऊन आली, नेहमीसारखी निवडून, कोरडी. मी काट्यापाशी बसलेला. म्हणालो, "काकी, यंदा नाय घेता येत." ती म्हणाली, "ठाव हाय मला. तरी म्हटलं, बघावं तू काय बोलतोस." पोतं डोक्यावर घेऊन परत गेली. नंतर कळलं, नेहमीच्या व्यापाऱ्याला तिनं ते निम्म्याहून कमी भावात दिलं. गटाच्या निधीतून तिला काही देता येईल का हा विषय मी दोन बैठकांत काढला. पहिल्यांदा वेळ संपला, दुसऱ्यांदा कुणी बोललंच नाही.

त्या हंगामात धनेश त्या झाडावर आले नाहीत. आजूबाजूची चार झाडं गेली म्हणून, की दुसऱ्या कशाने, कुणास ठाऊक. मादी आणि पिल्लू आदल्या मे महिन्यात सुखरूप बाहेर पडलेली मी स्वतः बघितली होती.

वाटपाचा अर्ज तहसीलात पडून राहिला. शेवटी चुलतभाऊच गणपतीत आला आणि त्या दोन झाडांच्या जागेवर आपला हक्क नाही असं स्टँपपेपरवर लिहून दिलं. माझ्याकडे न बघता दिलं, पण दिलं. गटाने ते चालवून घेतलं. वहीत मी नवी ओळ काढली, फक्त काकीच्या नावाची, झाडं दोन. शाईचा पॅड पुढे केला तर तिनं तो बाजूला सारला. मागच्या वर्षी नातीकडून सही शिकली होती. माझ्या हातातलं पेन घेतलं आणि रकान्याच्या बाहेर जाईल एवढं मोठं नाव लिहिलं.